किशोरवयीनांमधले लैंगिक संसर्ग: तपासणी कोणाची, कधी आणि कोणत्या नमुन्यावर?

कोरी_पाटी:

नमस्कार मंडळी. १३ ते १९ वयाच्या मुलामुलींसाठीच्या आरोग्यकेंद्रात लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या संसर्गांची तपासणी सुरू करायची आहे आणि तिची कार्यपद्धती कागदावर उतरवायचं काम माझ्याकडे आलंय. मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही. पुढच्या प्रश्नांवर घोडं अडलंय:

१. काहीच त्रास नसलेल्या मुलीला तपासायचं कशासाठी? आणि तपासायचंच तर सरसकट सगळ्यांना का नको?

२. लघवीला जळजळ म्हणून आलेल्या मुलीची कल्चरची (नमुन्यातले जंतू वाढवून पाहायची) तपासणी होते आणि क्लॅमिडिया या लैंगिक संसर्गाचीही. एकच डबी दोन्हीला चालते का?

३. 'संबंध आल्यानंतर किती दिवसांनी तपासायचं' याची उत्तरं दोन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत मिळतात. खरं कुठलं?

४. उपचारानंतर एके ठिकाणी 'पुन्हा तपासायची गरज नाही' आणि दुसरीकडे 'तीन महिन्यांनी तपासाच' असं लिहिलेलं असतं. दोन्ही एकदम बरोबर कसं असेल?

५. हर्पीस, एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी निगडित विषाणू), युरियाप्लाझ्मा वगैरे दहा-बारा जंतूंचं एकत्र पॅकेज असतं, ते घ्यावं का?

मुलांना विचारायचं कसं, याबद्दलही कोणी लिहिलं तर हवंच आहे. आमच्या छापील फॉर्मवर 'लैंगिकदृष्ट्या सक्रिय: होय / नाही' अशी ओळ आहे आणि तिच्यापुढे जवळजवळ प्रत्येक जण 'नाही'वर खूण करतो.

---

स्टेथो:

पहिला प्रश्न मी घेतो.

स्क्रीनिंग त्रास नसलेल्यांचंच असतं. त्रास घेऊन आलेल्याची चाचणी म्हणजे निदान, तिथे वेगळे नियम. क्लॅमिडिया झालेल्या बहुतेक मुलींना आणि बऱ्याच मुलग्यांना काहीही जाणवत नाही. अंगावर काढण्याचाही प्रश्न येत नाही, कारण अंगावर काढायला आधी काहीतरी दुखावं लागतं. जंतू मात्र वर चढत राहतो. उपचार न झालेल्या क्लॅमिडियात साधारण १० ते १५ टक्के स्त्रियांना ओटीपोटातल्या जननअवयवांचा दाह होतो आणि बीजनलिकांना आतून व्रण पडतात. पुढे मूल न राहणं किंवा गर्भ नलिकेतच रुजणं हे त्याचे परिणाम. निदान होतं तेव्हा मुलगी पंचविशी-तिशीत असते आणि मूळ संसर्ग सतराव्या वर्षीचा असू शकतो.

हे संसर्ग दुर्मिळ आहेत असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात १५ ते ४९ वयोगटात बऱ्या होऊ शकणाऱ्या चार संसर्गांची ३७ कोटी ४० लाख नवी प्रकरणं झाली: ट्रायकोमोनास १५ कोटी ६० लाख, क्लॅमिडिया १२ कोटी ९० लाख, गोनोरिया म्हणजे परमा ८ कोटी २० लाख आणि सिफिलिस ७१ लाख.

आता किशोरवयच का. वागणुकीची कारणं सगळ्यांना ठाऊक असतात: निरोध न वापरणं किंवा अर्धवट वापरणं, जोडीदार वयाने बराच मोठा असणं आणि त्यामुळे 'नाही' म्हणता न येणं, गर्भनिरोधक गोळी सुरू झाली की निरोध सुटणं (गोळी जंतू अडवत नाही, हे दरवेळी नव्याने सांगावं लागतं). यात शरीररचनेचा वाटा असतो, तो फारसा कोणी सांगत नाही. गर्भाशयमुखाच्या बाहेरच्या भागावर पेशींचे अनेक थर असतात आणि आतल्या मार्गावर उभट पेशींचा एकच नाजूक थर. किशोरवयात हा एकेरी थर बाहेरपर्यंत पसरलेला असतो. स्पेक्युलम (योनीमार्ग उघडून आत पाहायचं साधन) लावून पाहिलं तर तोंडाभोवती लालसर मखमली कडं दिसतं. क्लॅमिडिया आणि परम्याचा जंतू नेमक्या याच पेशींत घुसतात. वय वाढतं तसं हे कडं आत सरकतं. जाता जाता: ते कडं म्हणजे आजार नव्हे. 'जखम आहे' म्हणून ते जाळायला निघालेल्यांना थांबवावं.

मग सरसकट सगळ्यांना का नको? हिशेब करून बघा. चाचणी खऱ्या १०० बाधितांपैकी ९८ पकडते आणि निरोगी १०० पैकी एकाला चुकून पॉझिटिव्ह म्हणते असं धरू. हे आकडे फक्त उदाहरणापुरते.

१,००० जणींचा गट घ्या, त्यात खरी लागण १ टक्का. म्हणजे बाधित १०, त्या जवळजवळ सगळ्या सापडतील. निरोगी ९९०, त्यांतल्या सुमारे १० जणींचा निकाल चुकीचा पॉझिटिव्ह येईल. एकूण २० पॉझिटिव्ह, त्यांत निम्म्या खोट्या.

आता तेवढ्याच मोठ्या गटात लागण ८ टक्के आहे असं समजा. बाधित ८०, सापडल्या ७८. निरोगी ९२०, चुकीच्या पॉझिटिव्ह ९. म्हणजे ८७ पैकी ७८ खऱ्या.

चाचणी तीच, यंत्र तेच, फक्त गट बदलला. कधीच संबंध न आलेल्या मुलींना यात ओढलं तर पहिल्या हिशेबासारखं होतं, आणि चौदा वर्षांच्या मुलीच्या हातात चुकीचा पॉझिटिव्ह कागद गेला की त्या घरात काय होईल ते तुम्हीच जाणता. म्हणून आधी गाळणी लावायची. संबंध आलेल्या, २४ किंवा त्याहून कमी वयाच्या सगळ्या मुलींना क्लॅमिडिया आणि गोनोरियासाठी तपासावं, ही अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाची २०२१ ची शिफारस आहे. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राच्या मार्गदर्शनात हे दरवर्षी करायला सांगितलंय. एचआयव्हीची चाचणी त्याच कृतिदलाने १५ ते ६५ वयोगटात सगळ्यांना किमान एकदा सुचवली आहे. सिफिलिस धोका पाहून तपासायचा, पण गरोदर असेल तर प्रत्येकीचा.

मुलग्यांबद्दल त्याच कृतिदलाचं म्हणणं, 'पुरेसा पुरावा नाही'. इंग्लंडच्या क्लॅमिडिया कार्यक्रमानेही जून २०२१ पासून त्रास नसलेल्या मुलग्यांना आपणहून चाचणी देऊ करणं थांबवून भर मुलींवर दिला, कारण गुंतागुंत मुलींनाच भोगावी लागते. पुरुषांशी संबंध असलेल्या मुलग्यांचं वेगळं. त्यांची वर्षातून किमान एकदा, धोका जास्त असेल तर दर ३ ते ६ महिन्यांनी तपासणी, आणि तीही ज्या ज्या जागी संपर्क आला तिथली.

---

काचपट्टी:

दुसरा आणि तिसरा प्रश्न प्रयोगशाळेचा, म्हणून मी.

एक डबी दोन्हीला चालत नाही. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर.

कल्चरला 'मधली धार' लागते. जागा स्वच्छ करून, पहिली धार सोडून, मधली लघवी डबीत घ्यायची, म्हणजे बाहेरचे जंतू मिसळत नाहीत. क्लॅमिडिया-गोनोरियाच्या न्यूक्लिक ॲसिड चाचणीला (जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीला) नेमकं उलट हवं असतं. हे जंतू मूत्राशयात पोहत नसतात, मूत्रमार्गाच्या अस्तराच्या पेशींत असतात. पहिली धार त्या पेशी धुऊन आणते. ती धार संडासात गेली की जंतूही गेले आणि निकाल निगेटिव्ह आला. खोटा निगेटिव्ह.

म्हणून न्यूक्लिक ॲसिड चाचणीसाठी:

– आधी किमान १ तास लघवी केलेली नसावी.
– आधी जागा पुसायचीही नाही आणि धुवायचीही नाही.
– पहिलीच धार डबीत, २० ते ३० मिली. बस. डबी गळ्यापर्यंत भरून आणली तर नमुना पातळ होतो आणि थोडे जंतू असतील तर निसटतात.
– डबीतली लघवी किटच्या नळीत टाकायची. कित्येक किटच्या नळीला खिडकी असते, तिच्यावर दोन रेषा असतात. पातळी त्या दोन रेषांच्या मध्ये हवी. खाली राहिली किंवा वर गेली तर नमुना नाकारला जातो. किती तासांच्या आत नळीत टाकायची हे किटच्या पत्रकात असतं, बऱ्याच ठिकाणी ती मुदत २४ तासांची असते.

दोन्ही चाचण्या करायच्या असतील तर दोन डब्या. आधी पहिली धार एका डबीत, मग पुसून मधली धार दुसरीत. डब्यांवर '१' आणि '२' असं आधीच लिहून हातात द्या. 'पहिली', 'मधली' असे शब्द लिहिले तर बाहेर बाकावर बसलेल्यांना ते वाचता येतात आणि मुलीला अवघडल्यासारखं होतं. आकड्याकडे कोणी बघत नाही.

पण मुलींसाठी लघवी हा दुसऱ्या पसंतीचा नमुना आहे. योनीमार्गातला स्वॅब जास्त चांगला. लघवीवर सुमारे १० टक्क्यांपर्यंत संसर्ग निसटू शकतात. हा स्वॅब मुलगी स्वतः घेऊ शकते आणि तो डॉक्टरांनी घेतलेल्या स्वॅबइतकाच भरवशाचा ठरतो. स्पेक्युलम नको, तपासणीचं टेबल नको. नुसत्या या एका वाक्यावर चाचणीला हो म्हणणाऱ्या मुली खूप असतात.

सूचना अशा द्याव्यात: हात धुवून कोरडे करा. वेष्टन उघडताना कांडीच्या मऊ टोकाला बोट लागू देऊ नका. कांडी मध्यावर धरा, सुमारे ५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण करंगळीएवढी आत जाऊ द्या. १० ते ३० सेकंद गोल फिरवा, कांडी कडेला लागली पाहिजे. नळीचं झाकण काढा, कांडी आत घाला, खुणेच्या रेषेवर तोडा, झाकण घट्ट लावा. नळीतलं पाणी ओतून टाकू नका. हे शेवटचं वाक्य ठळक छापा, कारण 'आत काहीतरी सांडलंय' असं वाटून ते बेसिनमध्ये ओतणाऱ्या मुली खरंच असतात. त्या द्रवाशिवाय नमुना वाया. टोक जमिनीला लागलं किंवा द्रव सांडला तर दुसरं किट द्या, आणि न रागावता द्या. रागावलात तर पुढच्या वेळी सांडलेलं कोणी सांगणार नाही.

किटमधलीच कांडी वापरायची. लाकडी काडीला कापूस गुंडाळलेला साधा स्वॅब या चाचणीत अडथळा आणू शकतो.

जागेबद्दल स्टेथो यांनी लिहिलंच आहे, त्यात भर: घशातला किंवा गुदमार्गातला संसर्ग लघवीत दिसत नाही. संपर्क तिथे आला असेल तर स्वॅब तिथलाच. घशातला गोनोरिया बहुतेक वेळा मुका असतो, घसादेखील दुखत नाही.

आता दिवसांचा हिशेब. तुम्हाला मिळालेली सगळी उत्तरं खरी आहेत, फक्त ती वेगवेगळ्या जंतूंची आहेत:

– क्लॅमिडिया, गोनोरिया, न्यूक्लिक ॲसिड चाचणी: २ आठवडे.
– एचआयव्ही, शिरेतल्या रक्तावरची चौथ्या पिढीची (विषाणूचा अंश आणि अँटिबॉडी दोन्ही पाहणारी) प्रयोगशाळेतली चाचणी: ४५ दिवस.
– एचआयव्ही, बोटाच्या थेंबावरची फक्त अँटिबॉडी पाहणारी झटपट चाचणी: ९० दिवस.
– सिफिलिस, रक्तचाचणी: खात्रीसाठी ९० दिवस. न दुखणारा व्रण सरासरी २१ दिवसांनी उठतो, पण १० ते ९० दिवसांत केव्हाही उठू शकतो.

कोणी तिसऱ्याच दिवशी आलं तर परत पाठवू नका. त्या दिवशीची चाचणी आधीचा संसर्ग दाखवते, तो पायाभूत निकाल म्हणून ठेवायचा आणि पुढची तारीख तिथेच लिहून द्यायची. 'निगेटिव्ह' या शब्दापुढे 'अमुक तारखेपर्यंतच्या संपर्कासाठी' असं लिहायची सवय लावा, नाहीतर तो कागद खिशात घेऊन मुलं निर्धास्त फिरतात.

पॅकेजबद्दल: घेऊ नका. त्रास नसताना हर्पीसची रक्तचाचणी करूच नये. चुकीच्या पॉझिटिव्हचं प्रमाण मोठं, आणि पॉझिटिव्ह आली तरी संसर्ग ओठावरचा की जननेंद्रियावरचा हे ती सांगत नाही. लहानपणी तापानंतर ओठावर फोड उठलेली निम्मी वस्ती त्यात पकडली जाईल. युरियाप्लाझ्मा निरोगी माणसांतही मुक्कामाला असतो. तो अहवालात लाल अक्षरांत छापून आला की कोणीतरी अँटिबायोटिक लिहून देतं आणि दुसरं काही साधत नाही. मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम हा जंतूही लक्षणं असतील तरच शोधायचा.

---

स्टेथो:

एचपीव्हीचं राहिलं. किशोरवयात एचपीव्हीची चाचणीही नको आणि पॅप स्मिअरही (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) नको. या वयातले बहुतेक एचपीव्ही संसर्ग दोनेक वर्षांत शरीर आपणच साफ करतं. चाचणी केली की नसत्या उपचारांची साखळी सुरू होते. बऱ्याच मार्गदर्शक तत्त्वांत गर्भाशयमुखाची तपासणी २१, २५ किंवा ३० व्या वर्षी सुरू होते.

लस मात्र याच वयात. ९ ते १४ मध्ये सुरुवात केली तर ६ ते १२ महिन्यांच्या अंतराने दोन डोस, १५ नंतर सुरू केली तर ०, १-२ आणि ६ महिने असे तीन, हे नेहमीचं वेळापत्रक. डिसेंबर २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना ९ ते २० वयात एक डोसही पुरेसा धरते. मुलग्यांनाही देता येते. संबंध आलेले असले तरी द्यायची. लसीआधी एचपीव्हीची चाचणी करायची नाही. हिपॅटायटिस बी चे डोस पूर्ण आहेत का तेही त्याच वेळी बघून घ्या.

---

ऐकणारी:

फॉर्मवरची ती ओळ आजच काढून टाका. 'सक्रिय' म्हणजे नेमकं काय हे चौदा वर्षांच्या मुलीला कळत नाही. कळलं तरी 'एकदाच झालं, म्हणजे मी सक्रिय नाही' असा अर्थ ती लावते, आणि तिच्या परीने ते खोटंही नसतं. त्यात तो फॉर्म आई शेजारी बसून भरून घेत असते.

आधी खोली. पालकांना बाहेर बसवायचं वाक्य ठरलेलं असावं आणि ते सगळ्यांना तसंच म्हणावं, अगदी सर्दीसाठी आलेल्यालाही: "या वयाच्या प्रत्येकाशी आम्ही दहा मिनिटं एकट्याने बोलतो. मग तुम्हाला परत आत बोलावते." निवडक मुलींच्या वेळीच आईला बाहेर काढलंत तर आईला लगेच शंका येते.

मग मर्यादा. गुप्ततेची हद्द प्रश्न विचारण्याआधी सांगायची, उत्तर आल्यावर नव्हे. "तू जे सांगशील ते माझ्याकडे राहील. पण तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, किंवा तुझ्यावर कोणी जबरदस्ती करतंय असं कळलं, तर मला मदत मागावी लागेल. तेव्हाही आधी तुला सांगेन." संमतीचं वय, पालकांच्या परवानगीशिवाय चाचणी करता येते का, काय कळवणं सक्तीचं आहे, हे देशागणिक बदलतं. तुमच्या भागातला नियम एका पानावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवा. आयत्या वेळी आठवत बसू नका.

मग प्रश्न, सोप्या शब्दांत आणि कारणासकट: "कोणाशी शारीरिक जवळीक झाली आहे का? म्हणजे जननेंद्रियाचा, तोंडाचा किंवा गुदमार्गाचा संपर्क. हे यासाठी विचारते की नमुना कुठला घ्यायचा ते त्यावरून ठरतं." कारण सांगितलं की प्रश्न चौकशीसारखा वाटत नाही. मराठीत एक अडचण अशी की 'तो कोण?' म्हटलं की प्रश्नातच उत्तराचं लिंग ठरून जातं आणि काही मुलं तिथेच मिटतात. 'ती व्यक्ती' म्हणा. व्याकरणाने स्त्रीलिंगी असली तरी कोणालाही लागू पडते. पुढचा प्रश्न: "ती व्यक्ती वयाने केवढी आहे?" आणि मग: "ते तुला हवं होतं का?" या दोन्हींची उत्तरं ऐकताना कागदावर मान घालून लिहू नका.

मूल खूप लहान असेल, किंवा संबंधच आला नाही असं ठामपणे सांगणाऱ्या मुलाच्या चाचणीत गोनोरिया निघाला, तर आधी अत्याचाराची शक्यता धरून चालायचं आणि ते प्रकरण जाणत्या डॉक्टरांकडे द्यायचं. जबरदस्ती नुकतीच झाली असेल तर घड्याळ महत्त्वाचं: एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी, आणि २८ दिवस घ्यावी लागतात. गर्भ राहू नये म्हणूनची तातडीची उपाययोजना १२० तासांपर्यंत शक्य असते. चाचणीच्या निकालासाठी यातलं काहीही थांबवायचं नाही.

गुप्तता बहुधा डॉक्टरांच्या तोंडून फुटतच नाही. फुटते ती बिलावरच्या ओळीतून, प्रयोगशाळेच्या एसएमएसमधून, दप्तरात सापडलेल्या गोळ्यांच्या पट्टीतून. म्हणून नमुना घेण्याआधीच विचारा: "निकाल कसा कळवू? फोन कोणाचा आहे? मेसेज आला की लॉक असतानाही पडद्यावर दिसतो का?" बऱ्याच जणांना 'मी स्वतः येऊन घेईन' हेच सोयीचं वाटतं. मग तारीख आणि वेळ ठरवून द्या.

---

मात्रा:

चौथा प्रश्न औषधांच्या अंगाने. डोस खाली लिहितोय ते अमेरिकी रोगनियंत्रण केंद्राच्या २०२१ च्या मार्गदर्शनातले. ॲलर्जी, वजन, गरोदरपण पाहून डॉक्टरच ठरवतील. समुपदेशकाला ते माहीत असावेत ते अशासाठी की मुलं प्रश्न तुम्हालाच विचारणार.

क्लॅमिडिया: डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ, दिवसातून दोनदा, ७ दिवस. गरोदरपणात हे चालत नाही, तिथे ॲझिथ्रोमायसिन १ ग्रॅम एकदाच. म्हणजे मुलींना डॉक्सी देण्याआधी गरोदरपणाची चाचणी आलीच.

गोनोरिया: सेफ्ट्रिॲक्सोन ५०० मिग्रॅ, स्नायूत एकच इंजेक्शन. क्लॅमिडिया नाही हे पक्कं नसेल तर सोबत डॉक्सीही. सिप्रोफ्लॉक्सासिनला हा जंतू केव्हाच सरावला आहे, जुन्या चिठ्ठ्या बघून ते घेऊ नये.

डॉक्सी कशी घ्यायची हे सांगितलं नाही तर अर्धी मुलं तिसऱ्या दिवशी सोडतात. भरपूर पाण्याबरोबर, बसून किंवा उभं राहून घ्यायची आणि त्यानंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. घोटभर पाण्यावर गिळून लगेच झोपलं की गोळी अन्ननलिकेत अडकते आणि तिथे व्रण होतो. मग छातीत असं दुखतं की पाणीही गिळवत नाही. चोरून घेतलेल्या गोळ्या नेमक्या झोपताना, अंधारात, पाण्याविना गिळल्या जातात, म्हणून हे मुद्दाम सांगा. लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या आणि ॲसिडिटीची औषधं तिच्यासोबत घेतली तर ती नीट शोषली जात नाही, काही तासांचं अंतर हवं. उन्हात कातडी लवकर भाजते. मळमळत असेल तर खाऊन घेतली तरी चालते.

आता तुमचा पेच. दोन वेगळ्या गोष्टींना 'पुन्हा तपासणी' हे एकच नाव पडलंय.

पहिली, 'औषध लागू पडलं का' ही. क्लॅमिडियात ती गरोदर नसलेल्यांना लागत नाही. उलट उपचारानंतर ४ आठवड्यांच्या आत केली तर मेलेल्या जंतूंच्या अवशेषांमुळे पॉझिटिव्ह येऊ शकते आणि औषध फुकट गेलं असं वाटतं. गरोदर असेल तर सुमारे ४ आठवड्यांनी करतात. घशातला गोनोरिया हाही अपवाद, तिथे ७ ते १४ दिवसांनी खात्री करायची.

दुसरी, 'पुन्हा लागण झाली का' ही. ही सगळ्यांना, ३ महिन्यांनी. कारण औषध घेतलं म्हणून पुढच्या वेळचं संरक्षण मिळत नाही, आणि बहुतेक वेळा त्याच जोडीदाराकडून तोच जंतू परत येतो.

म्हणून जोडीदाराचा उपचार हा उपचाराचाच भाग. क्लॅमिडिया-गोनोरियात मागच्या ६० दिवसांतले सगळे जोडीदार धरायचे. त्या ६० दिवसांत संबंध आलाच नसेल तर शेवटचा जोडीदार. एकच डोस घेतला असेल तर त्यानंतर ७ दिवस, सात दिवसांचा कोर्स असेल तर तो संपेपर्यंत आणि जोडीदाराचा उपचार होईपर्यंत संबंध नको. सात दिवसांच्या गोळ्यांपैकी काही स्वतः घेऊन उरलेल्या जोडीदाराला देणं, हा 'वाटून घेण्याचा' प्रकार किशोरवयात फार चालतो. त्यात दोघंही बरे होत नाहीत.

जळजळीबद्दल एक: लघवीत पू-पेशी आहेत आणि कल्चरमध्ये काहीच वाढलं नाही, असा अहवाल आला तर क्लॅमिडिया आठवा. तो नेहमीच्या कल्चरमध्ये वाढत नाही. अशा मुलीला नायट्रोफ्युरँटॉइन देऊन घरी पाठवलं तर ते मूत्राशयातल्या जंतूंसाठी ठीक, पण क्लॅमिडियाला त्याने काही होत नाही.

---

काचपट्टी:

सिफिलिसच्या कागदांवर एक भर, कारण ते वाचताना गफलत होते. व्हीडीआरएल किंवा आरपीआर या सिफिलिसच्या रक्तचाचण्यांचा आकडा १:८ वरून १:१६ झाला म्हणून घाबरू नका, एका पायरीचा फरक हा चाचणीतलाच डुगडुगता भाग. दोन पायऱ्या, म्हणजे चौपट बदल झाला (१:८ वरून १:३२, किंवा उलट १:२ पर्यंत खाली) तरच त्याला अर्थ. आणि तुलना एकाच प्रकारच्या चाचणीची, शक्यतो एकाच प्रयोगशाळेतली. टीपीएचए ही सिफिलिसची दुसरी रक्तचाचणी मात्र उपचारानंतरही बहुतेकांमध्ये आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते, तिच्यावरून 'पुन्हा झाला' म्हणता येत नाही.

---

कोरी_पाटी:

सगळ्यांचे मनापासून आभार, अर्धी कार्यपद्धती इथेच लिहून झाली. दोन शंका उरल्या. पाळी चालू असताना मुलगी आली तर स्वॅब घ्यायचा की परत बोलवायचं? आणि मुलग्यांना तपासायचंच नाही, असं लिहू का?

---

काचपट्टी:

पाळीत स्वॅब चालतो, या चाचण्यांना साधारण रक्तस्रावाने फरक पडत नाही. परत बोलावलेली मुलगी बहुधा परत येत नाही, त्यामुळे घेऊनच टाका. फार रक्त जात असेल किंवा तिला नको वाटत असेल तर पहिल्या धारेची लघवी.

---

ऐकणारी:

'तपासायचंच नाही' असं कृपया लिहू नका. मागणाऱ्या मुलग्याला नकार देणारी ओळ कागदावर गेली की स्वागतकक्षातूनच त्याला वाटेला लावतील.

---

स्टेथो:

मान्य, माझ्या प्रतिसादातून तसा अर्थ निघत असेल तर दुरुस्त करतो. 'आपणहून सगळ्यांना देऊ करणं' आणि 'मागितल्यावर करणं' यांत फरक आहे. मुलग्यांच्या रकान्यात असं लिहा: लक्षणं असतील, जोडीदार पॉझिटिव्ह असेल, पुरुषांशी संबंध असतील किंवा स्वतः चाचणी मागितली असेल, तर करावी. लागण जास्त आढळणाऱ्या ठिकाणी, म्हणजे सुधारगृहासारख्या जागी, सगळ्यांनाच देऊ करण्याचा विचार करावा. नमुना पहिल्या धारेची लघवी. लक्षणं म्हणजे लघवीला जळजळ, शिस्नातून स्राव, आणि एका बाजूच्या वृषणात दुखणं. यातलं शेवटचं अचानक आणि जोरात सुरू झालं असेल तर लघवीच्या डबीत वेळ घालवू नका. वृषणाला पीळ पडलेला असू शकतो आणि तो साधारण सहा तासांच्या आत सोडवावा लागतो. त्या मुलाला थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवा.